फक्त जिबवर होडी हाकणे : गेलो झोकात, परत येईना (उजनी बॅकवॉटर)

भीमाकाठी
नमस्कार मंडळी, पहिलाच धागा काढायलोय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी जुळे सोलापूरचा, नोकरी इथंच. गेल्या दिवाळीत डोक्यात किडा वळवळला आणि पुण्याकडच्या एकाकडनं जुनी एंटरप्राइज डिंगी घेतली. तेरा फुटी, लाकडी, दोन शिडांची, शिडं निळी होती म्हणे, आता धुतलेल्या शाळेच्या गणवेशासारखी दिसतात. टेम्पोत घालून आणताना टोलनाक्यावरचा माणूस विचारतो, ही गव्हाण कुठं चालली.

होडी ठेवलीय मामाच्या रानात, करमाळा तालुक्यात, बॅकवॉटरला लागून. केळीच्या बागेतनं खाली उतरलं की पाणी. मागच्या रविवारी सकाळी मी आणि मामेभाऊ निघालो. मेन, म्हणजे मोठं शीड, वर चढवताना बॅटनच्या (शिडातल्या पट्टीच्या) खिशापासनं कडेपर्यंत हातभर फाटली, कापड जुनंच होतं. मग म्हणलं पुढचं बारकं शीड आहे की, जिब, त्यावरच जाऊ, वारा काय फार नाही. लाइफ जॅकेटं होती, पोहता येतं दोघांना.

गेलो काय झोकात सांगू. पूर्वेचा वारा पाठीशी, होडी आवाज न करता सरकायलीय, मामेभाऊ मोबाइलवर गाणी लावून आडवा. मध्यावर आल्यावर म्हणलं फिरू आता. टिलर (सुकाणूचा दांडा) लोटला, नाक अर्ध्यापर्यंत वर, वाऱ्याकडं, आलं आणि हट्टी बैलासारखं परत खाली वळलं. परत लोटला, परत तेच. सात-आठ वेळा केलं, दरवेळी आम्ही आणखी खाली. वारा वाढला. शेवटी पलीकडं इंदापूरच्या बाजूला चिखलात जाऊन लागलो. सोलापूर जिल्ह्यातनं निघालो आणि पुणे जिल्ह्यात उतरलो. वल्हं एकच, ते पण मोडकं. एका मासेमारी करणाऱ्या काकांनी इंजिनच्या होडीला बांधून परत आणलं, पैसे घेईनात, उलट दोन किलो चिलापी दिली.

प्रश्न दोन. एक, असं का झालं? दोन, मेन शिवून होईपर्यंत फक्त जिबवर नेऊ का नको?

शेंगाचटणी
काय बे, पोहायला शिकताना माणूस आधी विहिरीत दोर बांधून उतरतो, तू डायरेक्ट उजनी. आपला हिप्परगा तलाव होता की घरापाशी. आणि मामेभाऊ गाणी कुठली लावला होता ते सांग, वारा त्यानंच भडकला असंल.

माजी कॅडेट
नेव्हल एनसीसीत असताना एंटरप्राइजवरच शिकलो, त्यामुळं ही गव्हाण माझ्या ओळखीची आहे. जॅक होल्टचं डिझाइन, १९५६ चं, आपल्याकडं कॅडेटांच्या किती पिढ्या तिच्यात भिजल्या असतील.

तुमचं काय झालं ते सांगतो. होडी पाण्यात एका खिळ्यावर फिरतेय असं समजा. तो खिळा म्हणजे साधारण सेंटरबोर्डाची, मधनं पाण्यात उतरणाऱ्या फळीची, जागा. मेन त्या खिळ्याच्या मागं ढकलते, म्हणून ती एकटी असली की होडीची शेपूट वाऱ्याखाली, म्हणजे वारा वाहतो त्या बाजूला, जाते आणि नाक वाऱ्याकडं वळतं. जिब खिळ्याच्या पुढं ढकलते, ती एकटी असली की नाक वाऱ्यापासनं पळतं. दोन्ही शिडं असली की एकमेकींना धरून असतात, नवराबायकोसारखं. तुम्ही एकीला घरी ठेवलंत.

आता म्हणाल सुकाणू आहे की. आहे, पण सुकाणू चालतं पाणी त्याच्यावरनं वाहतंय तोवर. वाऱ्याकडं वळायला लागलात की वेग पडतो, वेग पडला की सुकाणू म्हणजे नुसतं फळकुट. आणि जिबला वेग लागत नाही, तिला वारा लागतो, तो आहेच. म्हणून अर्ध्यापर्यंत येऊन नाक परत पडतं. तुमच्या हाताची चूक नव्हती ती, निदान पूर्ण नव्हती.

एक सांगा, सेंटरबोर्ड किती खाली होता?

भीमाकाठी
अर्धा वर ओढला होता सर. पाणी कमी झालंय, बुडालेल्या गावांच्या भिंती, विहिरी लागतील अशी भीती.

माजी कॅडेट
मग निम्मं उत्तर तिथंच आहे. एंटरप्राइजचा बोर्ड बिजागरीवर फिरतो, वर ओढला की नुसता आखूड होत नाही, मागं पण सरकतो. म्हणजे खिळा मागं गेला आणि जिबला पुढं लांब दांडा मिळाला. नुसत्या मेनवर असाल तर बोर्ड थोडा वर घेणं बरोबर आहे, नुसत्या जिबवर बरोबर उलटं. पूर्ण खाली पाहिजे. शिवाय दोघं पुढं सरकून बसा, नाक जरा पाण्यात दाबलं की खिळा पुढं येतो. आणि होडी वाऱ्याखालच्या बाजूला किंचित कलू द्या, कललेली होडी आपोआप वाऱ्याकडं वळू बघते. मामेभाऊ कुठं आडवा होता?

भीमाकाठी
मागं. एकदम मागं. पाय वर करून.

शेंगाचटणी
😂😂 मामेभाऊ पुढं, गाणी बंद. झाला धागा, कुलूप लावा.

देवगडकर
मी मूळचा देवगडचा, बँकेच्या बदलीनं सोलापुरात चार वर्षं आहे, इथं समुद्र नाही म्हणून असे धागे वाचून दिवस काढतो.

वरचं सगळं बरोबर, पण एवढं करूनही जिबवर टॅक, म्हणजे नाक वाऱ्यातनं पलीकडं फिरवणं, होईलच असं नाही. हट्ट कशाला करायचा. नाक वाऱ्यातनं फिरत नाही ना, मग शेपूट फिरव. वाऱ्याकडं पाठ करत जायचं आणि पलीकडच्या बाजूनं वर यायचं, जाइब. मेन असताना जाइबला घाबरतात कारण बूम, मेनच्या खालचा आडवा दांडा, डोक्यावरनं तलवारीसारखा जातो. जिबला बूम कुठं आहे? एक दोरी सोडायची, दुसरी ओढायची, कापड पटकन इकडचं तिकडं. जुनी चौकोनी शिडांची मोठी जहाजं पण टॅक होईना की हेच करायची.

तोटा एकच, प्रत्येक वळणाला खाली जातोस.

आणि भाषेचं सांगतो, नवीन माणूस इथं हमखास गडबडतो. शीट म्हणजे दोरी आणि शीड म्हणजे कापड. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कुणी शीट सोड म्हणालं की शीड उतरवायला धावायचो.

माजी कॅडेट
तोटा किती ते आकड्यात सांगतो, मग दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपोआप येतं.

दोन्ही शिडांवर एंटरप्राइज वाऱ्याच्या रेषेपासून साधारण ४५ अंशावर वर चढते. नुसत्या जिबवर ७० धरा. त्यात बोर्डाला पुरेसा वेग नसल्यामुळं होडी खेकड्यासारखी आडवी सरकते, ते १० अंश धरा. म्हणजे खरी वाट ८० अंशांची. एक हजार मीटर पाणी कापलंत तर वाऱ्याकडं चढलात जेमतेम १७० मीटर. त्यात जाइब करताना ४०-५० मीटर गेले. लाट असेल, बोर्ड अर्धा असेल, तर ८० चे ८५ होतात आणि १७० चे ८७. मग दिवसभर इकडून तिकडं फिराल, मामाची केळी तेवढ्याच लांब दिसतील.

म्हणून वारा पाठीशी घेऊन निघणं हाच घोळ आहे. सुरुवातीला सगळ्यात सोपं वाटतं तेच. जिबवर जायचं तर वारा आडवा पाहिजे, जाताना एका कुशीवर, येताना दुसऱ्या.

वाऱ्यावरची वरात
मला थोडं वेगळं वाटतं. आम्हाला पुण्यात शिकवताना सांगितलेलं की वारा अचानक वाढला तर मेन उतरवा आणि जिबवर या, होडी शांत होते. मी स्वतः केलंय. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर शिडावरचा जोर चौपट होतो, मग कापड कमी करणं शहाणपणाचंच ना? एंटरप्राइजची जिब एकूण कापडाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी आहे. तुम्ही सगळे जिबला उगाच बदनाम करताय.

देवगडकर
बदनाम नाही करत हो. तुम्ही केलंत तेव्हा घर कुठल्या दिशेला होतं? वाऱ्याखाली असणार. तेव्हा जिब म्हणजे देवमाणूस. किनारा जवळ आला की शीट सोडायची, कापड फडफडतं, होडी हळू होते, बोर्ड वर, सुकाणू वर, गुडघाभर पाण्यात उडी. मेन घेऊन आलात तर तेवढं हळू होताच येत नाही, कारण वारा पाठीमागं असताना बूम शेवटपर्यंत सोडला तरी शीड भरलेलंच राहतं, डोलकाठी धरणाऱ्या बाजूच्या तारांना टेकतं.

पण घर वाऱ्याकडं असेल तर मेन उतरवणं म्हणजे परतीचं तिकीट फाडणं. तेव्हा मेनची रीफ घ्या, म्हणजे खालचा भाग गुंडाळून बारकी करा, आणि रीफच्या दोऱ्या नसतील तर जिब उतरवून नुसत्या मेनवर या. मेनवर निदान नाक वर वळतं.

माजी कॅडेट
+१. आणखी एक. नुसत्या जिबवर होडीला थांबवता येत नाही. मेन असेल तर नाक वाऱ्यात जाऊन होडी उभी राहते. जिब सोडली तर होडी वाऱ्याला आडवी राहून वाहत जाते. माणूस पाण्यात पडला तर त्याच्यापाशी परत येणं म्हणजे वाऱ्याकडं चढणं, आणि ते आपण वर पाहिलं किती जमतं. म्हणून जिबवर असताना दोन वल्ही आणि नांगर, याशिवाय पाण्यात उतरू नका. नांगराची दोरी पाण्याच्या खोलीच्या किमान पाचपट, नाकाशी बांधलेली.

जोराच्या वाऱ्यात डोलकाठीचा पण विचार करा. जिब तिला पुढं ओढते, मेन आणि तिची शीट मागनं धरून असते. मेन नसली की सगळा भार बाजूच्या दोन तारांवर. जुन्या होडीत त्या तारांची खालची टोकं आणि लाकडातले पट्टे तपासा. एंटरप्राइजमध्ये ओढ खरी जिबच्या पुढच्या कडेतल्या तारेवर असते, पुढची दुसरी तार नुसती जिब खाली असताना काठी धरायला. ती जिबची तार गंजलेली असेल तर वाऱ्यात जाऊच नका.

बेसावध
गंमत बाजूला ठेवून एक लिहितो. मे २०२४ मध्ये कुगाव-कळाशीच्या मध्ये प्रवासी होडी वादळात उलटली, सहा जण गेले. मी त्या भागातला आहे. एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर वळवाचा ढग येतो तेव्हा आधी सगळं गप होतं, पान हलत नाही, आणि मग ढगातनं खाली पडलेला गार वारा पाण्यावर पसरत येतो, कुठनंही. पाऊस नंतर. तेव्हा जिब का मेन हा प्रश्नच नसतो. पाण्यावर धुळीसारखी रेघ दिसली की सगळं कापड खाली, नांगर टाका आणि तळाला बसा. त्याच्या आधी किनाऱ्यावर असाल तर उत्तम. उन्हाळ्यात सकाळी ११ नंतर पाण्यावर राहूच नका असं मी म्हणेन.

जाळ्यांकडं पण लक्ष द्या. थर्माकोलचे तुकडे किंवा बाटल्या तरंगताना दिसल्या की खाली जाळं आहे. बोर्ड पूर्ण खाली ठेवा म्हणताय ते ठीक, पण बोर्ड अडकला तर जाळं कुणाचं तरी पोट आहे, ओढून फाडू नका. बोर्ड वर घ्या, मागं सरका. आणि धरणाच्या भिंतीकडं फिरकू नका. परवानगीचं जलसंपदाच्या ऑफिसात विचारलंय का?

भीमाकाठी
अण्णा, नाही विचारलं. सोमवारी जातो. ती बातमी माहीत होती, पण होडी पाण्यात घातल्यावर डोक्यात येत नाही. म्हणूनच आईनं चिलापी शिजवली पण माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

चाटीगल्ली
शिडाचं कोणीच बोलत नाही म्हणून मी बोलते. आमचं कापडाचं घर आहे, होडीतलं काही कळत नाही, पण फाटलेलं शिवायचं कळतं. फोटोवरून ते डॅक्रॉन दिसतंय, म्हणजे पॉलिस्टरच, कडक फिनिशचं. सुती दोऱ्यानं अजिबात शिवू नका, ऊन-पाण्यात सडतो. पॉलिस्टरचा जाड दोरा, उन्हाला टिकणारा. टाका सरळ नको, नागमोडी, कारण कापड ताणलं की सरळ टाका ओळीनं भोकं पाडून तिकिटासारखं फाडतो. दोन-तीन ओळी घाला.

आपल्या गावात चादरी-टॉवेलवाले पुष्कळ, पण हे काम त्यांचं नाही. ताडपत्री आणि मांडव शिवणारे बघा, त्यांच्या मशिनीला जाडी झेपते. ठिगळ लावायच्या आधी दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावून कापड पक्कं बसवा, नाहीतर कडक कापड सुईखाली सरकतं. आणि ठिगळाचे कोपरे गोल कापा, चौकोनी कोपरा तिथूनच उलतो.

शेंगाचटणी
ताई म्हणजे हा खरा धागा झाला, पॉलिस्टरचा.

भीमाकाठी
ताई खूप आभार. एका ताडपत्रीवाल्याकडं देऊन आलो, तो आधी म्हणाला तंबूचं कापड हाय का, मग शीड म्हणल्यावर त्यानं सगळ्या दुकानाला बोलावून दाखवलं. लग्नसराई आहे, तीन आठवडे लागतील म्हणाला.

म्हणजे तीन आठवडे जिबच. सर, टॅकचं एकदा नीट सांगा ना, जाइब कळला.

माजी कॅडेट
सांगतो, पण जमलं नाही तर रुसू नका.

आधी वारा आडवा घेऊन जेवढा वेग मिळेल तेवढा घ्या. बोर्ड पूर्ण खाली, दोघं पुढं, होडी वाऱ्याखाली जराशी कललेली. आता टिलर शिडाच्या बाजूला लोटा, पण धसकन नाही, आडवं सुकाणू म्हणजे ब्रेकच. नाक वर यायला लागलं की जिबची शीट हळूहळू सोडत जा. लोक इथं शीट आवळून धरतात आणि तीच जिब नाक खाली ढकलते, तुमचंही तेच झालं असणार. नाक बरोबर वाऱ्याच्या तोंडात आलं की त्या क्षणी जुन्या बाजूची शीट परत धरा. आता वारा कापडाच्या उलट्या अंगावर बसतो आणि नाक नव्या बाजूला ढकलतो. नाक पुरेसं पलीकडं गेलं की ती सोडा, दुसरी ओढा. म्हणजे सोड, धर, सोड. सगळा खेळ मधल्या धर मध्ये आहे, लवकर धरलीत तर मागं, उशिरा धरलीत तर होडी थांबलेली.

थांबलीच आणि उलटी जायला लागली तर टिलर उलटा धरा, होडी मागं जाताना सुकाणू उलटं चालतं. आणि पुढच्या माणसाच्या हातात वल्हं असू द्या, एक झटका पुरतो. तो लबाडी नाही, शर्यत थोडीच आहे.

देवगडकर
आणि शीट क्लीटमध्ये, म्हणजे दोरी पकडणाऱ्या चापात, अडकवून ठेवू नका, हातात ठेवा. झुळूक आली की सोडता आली पाहिजे.

परत कधी ओढून आणायची वेळ आली तर दोरी पुढच्या कडीला नको, डोलकाठीच्या बुडाला बांधा आणि नाकावरनं सोडा, जुन्या लाकडातली कडी उपटून येते. बोर्ड वर, दोघं मागं बसा, नाहीतर होडी मागच्या मागं शेपटीसारखी हलते.

भीमाकाठी
अपडेट. १६ दिवसांनी लिहितोय.

परवानगीचा अर्ज दिला, पोच मिळाली, तेवढं कळवतो. ते हातात येईपर्यंत मामाच्या रानाखालच्या फाट्यातच, खांद्याइतक्या पाण्यात, किनाऱ्यापासनं दगड टाकला तर पोचेल एवढ्या अंतरात फिरायचं ठरवलं. काल सकाळी वायव्येचा वारा होता, पाण्याच्या लांबीनं वाहणारा, म्हणजे आम्हाला आडवा. नवीन दोन वल्ही, नांगराला दोरी, मामेभाऊ पुढं, मोबाइल मामाकडं जप्त.

आधी वल्ही मारत किनाऱ्याकडनं वर गेलो, घामाघूम, मामेभाऊ म्हणतो शिडाची होडी घेतली का व्यायामशाळा. मग जिब उघडली. बोर्ड पूर्ण खाली टाकल्यावर फरक लगेच कळला, टिलर हातात असा जिवंत लागतो. आधी नुसतं लोणी कापल्यासारखं होतं. फाट्याच्या पलीकडं गेलो, जाइब मारला, परत आलो. निघालो त्याच्या थोडं खालीच लागलो, पण आमच्याच तालुक्यात लागलो.

टॅक पाच वेळा करून बघितला. एकदा झाला, चौथ्या वेळी. सोड, धर, सोड, आणि नाक असं गपकन पलीकडं गेलं की आम्ही दोघं ओरडलो, किनाऱ्यावरची बगळी उडाली. पाचव्या वेळी त्याच जोशात गेलो आणि नाक वाऱ्यात अडकून मागं मागं गेलो, टिलर उलटा धरायचं विसरलो. बोर्ड एका जाळ्याला लागला, वर घेतला, सुटला, फाटलं नाही. जाळं बघायला तेच काका आले, मला ओळखले, म्हणतात आज कुठल्या जिल्ह्याला?

शेंगाचटणी
आणि आई बोलली का?

भीमाकाठी
बोलली. म्हणाली येताना केळी का नाही आणलीस.

चाटीगल्ली
शीड आलं की शिवणीचा फोटो टाका. टाके किती अंतरावर घातलेत बघायचंय मला.